तीन मशिनं आणि एवढीशी मोरी

दोन घरांचा संसार एका घरात आला की जादाची कपाटं, गाद्या, मिक्सर सगळ्याची काहीतरी वाट लावता येते, पण वॉशिंग मशीनचा विषय निघाला की कुणी हटत नाही. सासूबाईंना टॉप लोडच पाहिजे कारण त्यांना वाकवत नाही, मला फ्रंट लोड पाहिजे कारण ते पाणी कमी पितं, आणि जाऊबाईंना सेमी ऑटोमॅटिक, कारण "त्यात मधेच झाकण उघडून राहिलेला मोजा टाकता येतो, तुमचं ते एकदा दार बंद झालं की कुणाचं ऐकत नाही वहिनी". तिघींचंही बरोबर होतं, तिथेच सगळी गोची.

नवऱ्याने टेप काढली. मोरीची भिंत 180 सेंटिमीटर, फ्रंट लोड 60, टॉप लोड 55, सेमी 80, बेरीज 195. "पंधरा सेंटिमीटरचाच तर प्रश्न आहे," असं तो इतक्या सहज म्हणाला की मला वाटलं आता भिंतीशी बोलून घेतोय की काय.

मग भाऊजींना एकावर एक ठेवायची आयडिया आली. कशावर काय ठेवणार पण? टॉप लोड आणि सेमी दोघांचीही झाकणं वर उघडतात, त्यांच्या डोक्यावर साधी साबणाची फळी ठेवायची सोय नाही. सपाट माथा फक्त माझ्या फ्रंट लोडला, म्हणजे 85 सेंटिमीटरवर सेमी चढवायचं आणि जाऊबाईंनी रोज स्टुलावर उभं राहून आत डोकावायचं! शिवाय खालचं मशीन मिनिटाला 1200 फेऱ्यांनी फिरायला लागलं की वरचं पाण्यासकट कधी अंगावर येईल सांगता येत नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मी तिथे नसताना लावा."

शेवटी दोन मशिनं भिंतीला आणि फ्रंट लोड समोरच्या कोपऱ्यात असं ठरलं. ते सरकवताना कळलं की एवढ्याशा डब्याचं वजन 65-70 किलो असतं कारण हादरे कमी बसावेत म्हणून आत चक्क काँक्रीटचे ठोकळे बसवलेले असतात. म्हणजे आम्ही कपडे धुवायला बांधकाम घरात आणलं होतं. हलवताना ड्रम हिंदकळू नये म्हणून मागे लावायचे लांब बोल्ट असतात, ते मशीन आलं तेव्हा काढून जपून ठेवायचे असतात, आणि आमच्याकडे ते जपूनच ठेवले होते, इतके की कुठे ते देवालाच माहीत. (नंतर सापडले. पडद्याच्या रॉडच्या सामानात.)

कोपऱ्यात मशीन बसलं पण भिंतीला चिकटेना, कारण मागे नळ आणि पाइप. पाइप दाबला तर पाणी येत नाही, म्हणून चार बोटं पुढे घ्यावं लागलं, आणि तेवढ्याने त्याचं दार सेमीला आपटायला लागलं. दार फिरवून दुसऱ्या बाजूने लावू म्हटलं तर ती सोय फ्रिजला असते, याला नाही. आता दार अर्धंच उघडतं. त्या फटीतून ओली डबल बेडची चादर ओढून काढणं म्हणजे म्हशीचं बाळंतपण आहे, एक पाय मशीनला लावून दोन्ही हातांनी खेचायचं आणि ती एकदम सुटली की आपण टॉप लोडवर.

खरा खेळ सांडपाण्याचा झाला. जमिनीत जाळी एकच, आणि भाऊजींना टापटीप फार, त्यांनी तिन्ही पाइप एका रेषेत जमिनीवर आडवे टाकून टोकं जाळीत सोडली. सेमी, टॉप लोड खूश. माझं मशीन मात्र पाणी घेतंय, घेतंय, आणि धुवायला काही लागत नाही, ड्रममध्ये कपडे नुसते ओले होऊन एकमेकांकडे बघतायत. नवरा म्हणाला प्रेशर कमी आहे, भाऊजी म्हणाले मोटर गेली, जाऊबाई म्हणाल्या, "त्याला म्हणावं सेमीत ये." मेकॅनिक आला, मशीनला हातही लावला नाही, खाली बघितलं आणि पाइप उचलून भिंतीवर कमरेच्या उंचीला हुकात अडकवला. फ्रंट लोडचा पाइप 60 ते 100 सेंटिमीटर वर न्यावा लागतो, पंप पाणी वर ढकलतो, आणि पाइप खाली सोडला तर सायफन होऊन भरलेलं पाणी आपोआप निघून जातं. म्हणजे इतका वेळ ते मशीन नळाचं पाणी थेट जाळीला पोचवत होतं.

बाकी किरकोळ. स्पिनला मशीन चालत दाराकडे निघायचं, पाय खालीवर करून लेव्हल केलं, नट घट्ट केले, आता जागेवरच थरथरतं. सेमीला खाली चाकांचा स्टँड आणला, कारण तिन्ही मशिनं बसल्यावर चौथा माणूस, म्हणजे कपडे धुणारा, मोरीत मावत नव्हता. माझं लोड लागलं की सेमी पॅसेजमध्ये येतं आणि बाथरूमला जायचं असेल त्याने आधी बोलायचं.

हे सगळं बसल्यावर सासूबाई काल कपड्यांची बादली हातात घेऊन फ्रंट लोडच्या त्या सपाट माथ्याकडे बघत उभ्या होत्या. "यावर म्हणे ड्रायर ठेवता येतो." दुर्दैवाने खरंच येतो, त्याचा वेगळा किट मिळतो. नवरा टेप शोधतोय.