साडेसातनंतरचे माशेल

गोव्यातल्या आमच्या माशेल गावात आषाढी द्वादशीचा चिखलकाला, म्हणजे चिखलात लोळून खेळण्याचा उत्सव, होऊन दोन दिवस झाले होते. देवकीकृष्णाच्या देवळाच्या मैदानातला चिखल अजून वाळला नव्हता. त्यात लोळलेल्या मुलांच्या टाचांचे खोल ठसे पावसाच्या पाण्याने भरले होते आणि प्रत्येक ठशात रस्त्यावरच्या दिव्याचा एकेक तुकडा दिसत होता. पणजीहून कामावरून परतल्यावर आम्ही पाच-सहा जण मैदानाच्या कडेच्या कट्ट्यावर रोज अर्धा तास बसतो. त्या संध्याकाळी मात्र अर्ध्या तासाचे अडीच तास झाले, कारण बँकेत नोकरी करणाऱ्या आमच्या मित्राने पणजीपलीकडच्या पर्वरीला फ्लॅट घेतल्याची बातमी सांगितली आणि दिवाळीनंतर तिकडे राहायला जाणार असल्याचेही सांगून टाकले.

आमचे बोलणे कोकणीत सुरू होते, मध्येच मराठीत जाते आणि कोणी चिडला की पुन्हा कोकणीवर येते. लिहायला बसले की आमच्या पिढीचा हात आपसूक मराठीकडे वळतो, म्हणून येथे सारे मराठीतच मांडतो आहे.

अभिनंदन करण्याऐवजी पहिला प्रश्न अण्णांनी विचारला. अण्णा म्हणजे आमचे निवृत्त मास्तर. आमच्यापैकी तिघांना त्यांनी शाळेत शिकवले आणि गावच्या नाटकांचे दिग्दर्शन गेली तीस-एक वर्षे तेच करत आहेत. ते म्हणाले, "माशेल ते पणजी अंतर किती रे? अठरा किलोमीटर. मुंबईतला माणूस एवढे अंतर रोज उभ्याने कापतो आणि त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. तुला एवढ्यासाठी घर सोडावेसे वाटले?"

मित्राने हिशेब करूनच ठेवला होता. "अण्णा, अंतर अठरा किलोमीटरच आहे, पण मी ते किलोमीटरमध्ये मोजत नाही. सकाळी बाणस्तारीचा पूल, मग जुन्या गोव्याचा चौक, मग पणजीत शिरतानाची रांग, असा एका बाजूने तासभर जातो. जाऊन-येऊन दोन तास. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर पन्नास तास, वर्षाचे सहाशे. सहाशे तास म्हणजे पूर्ण पंचवीस दिवस आणि पंचवीस रात्री मी रस्त्यावर काढतो. बायको पर्वरीला सचिवालयात, म्हणजे तिचा वेळ आणखी जास्त. मुलगी सातवीत आहे. तिच्याशी आमचे बोलणे होते ते ती अर्धवट झोपेत असताना."

यावर कोणी लगेच बोलले नाही, कारण हिशेबात खोट नव्हती. मी स्वतः बावीस वर्षे हाच प्रवास करतो आहे आणि माझे सहाशे तास मी कधी मोजले नाहीत, कारण मोजण्याची भीती वाटते.

अण्णांनी मग दुसरी बाजू काढली. पूर्वी चवथीच्या किंवा जत्रेच्या नाटकासाठी चौदा-पंधरा पात्रांची संहिता ते निःशंकपणे हातात घेत. रात्री नऊला तालीम म्हटले की साडेआठपासून माणसे देवळाच्या सभामंडपात जमू लागत. आता ते संहिता निवडताना आधी पात्रे मोजतात. पाचपेक्षा जास्त पात्रे असतील तर पुस्तक मिटून ठेवतात. "कथानक कसे आहे हे मी नंतर बघतो," असे ते म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज खाली गेला. माशेलसारख्या गावात, जेथे नाटक आणि भजन ही देवळाच्या उत्सवाइतकीच घरची बाब समजली जाते, तेथे दिग्दर्शकाला असे मोजत बसावे लागते, हे मला त्या अडीच तासांतले सर्वांत जड वाक्य वाटले.

मित्र मात्र ऐकून घेणाऱ्यांतला नव्हता. त्याने थेट देवळाकडे बोट दाखवले. "अण्णा, ही आपली देवकीसुद्धा माशेलची नव्हे. मूळची चोडणची. पोर्तुगीजांनी तिकडची देवळे पाडायला घेतली तेव्हा ती मयेला गेली आणि तेथून इथे आली. देवाने स्थलांतर केलेले चालते, मी पर्वरीला गेलो तर मात्र गाव बुडते?"

अण्णा म्हणाले, "ती हौसेने नाही आली, तिला काढावे लागले. आणि ती एकटी आली नाही. तिच्याबरोबर तिचे महाजन आले, पुजारी आले, वाजंत्री आले, उत्सव आले. म्हणून तर आज द्वादशीला अंगाला तेल चोपडून पोरे या चिखलात उतरतात. तू जाताना बरोबर काय नेणार आहेस आणि इथे काय ठेवणार आहेस, तेवढे सांग."

"आईबाबांना ठेवणार आहे," असे मित्र म्हणाला आणि लगेच गप्प झाला. ते त्याने उत्तर म्हणून दिले होते, पण त्याच्या स्वतःच्याच कानांना ते वेगळे ऐकू आले असावे.

बाजारात भुसारी दुकान चालवणारा भाई इतका वेळ ऐकत होता. तो म्हणाला की माशेल गाव राहिलेच कोठे, आता हे शहरच, आणि शहरातून शहरात जाण्याला कोणी स्थलांतर म्हणत नाही. हा मुद्दा आमच्याकडे वारंवार निघतो. २०११ च्या जनगणनेत गोव्यातील ६२ टक्के लोक नागरी भागात राहणारे ठरले. त्या वेळी राज्यात ७० नागरी वस्त्या नोंदवल्या गेल्या. त्यांपैकी १४ ठिकाणीच नगरपालिका किंवा महापालिका होती, उरलेल्या ५६ ठिकाणांचा कारभार पंचायतीच पाहत होत्या. एखाद्या गावाला जनगणनेने नगर म्हणायचे तर तीन गोष्टी लागतात: पाच हजारांची वस्ती, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान तीन-चतुर्थांश शेतीबाहेर. मी हे सांगितले आणि पुढे म्हणालो की या व्याख्येत बस नाही, दवाखाना नाही, वाचनालय नाही, गटारही नाही. शेत सोडले आणि दाटी झाली, एवढ्यावर गावाचे नगर होते; नगराला मिळायला हवे ते त्याला मिळाले का, हे कोणी विचारत नाही.

आमच्या माशेलचेच पाहा. बाजार भरगच्च, नाव सर्वदूर, चवथीतले गणपती पाहायला सबंध गोव्यातून माणसे येतात. कारभार मात्र तिवरे-वरगाव पंचायतीचा, आणि चार पावले पुढे गेले की बेतकी-खांडोळ्याची पंचायत लागते. सकाळी आम्ही पणजीला निघतो तेव्हा खांडोळ्याच्या सरकारी महाविद्यालयाची मुले उलट दिशेने येत असतात. कुंडईची औद्योगिक वसाहतही फार लांब नाही. म्हणजे हे गाव दिवसा ओस पडते असेही म्हणता येत नाही. ते ओस पडते ते संध्याकाळनंतर.

शेताचा विषय भाईने काढला आणि येथे वाद खरोखर तापला. मित्राच्या घरची भातशेती तीन पावसाळे पडीक आहे. २०२३ मध्ये विधानसभेने भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्यांना विकण्यावर निर्बंध घालणारा कायदा केला, त्याचा आधार घेऊन मित्र म्हणाला की शेत कोठे जात नाही, ते तेथेच सुरक्षित आहे. भाईचे शेत त्याच्या शेताला लागून, उताराच्या बाजूला आहे. तो म्हणाला, "कागदावर सुरक्षित आहे. तुझी मेर फुटली आहे ते तू शेवटचे कधी पाहिलेस? वरच्या कुणग्यात पाणी थांबत नाही, ते माझा तरवा वाहून नेते. तुझ्याकडचे तण माझ्याकडे उतरते. ह्या वर्षी मी सरद केली. वायंगण करीन की नाही, सांगता येत नाही. एकट्याने शेती होत नाही रे, शेजाऱ्याचीही मेर धड लागते."

ज्यांनी भातशेती केलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो: मेर म्हणजे बांध, कुणगा म्हणजे शेताचा तुकडा, तरवा म्हणजे भाताची रोपे, सरद म्हणजे पावसाळी पीक आणि वायंगण म्हणजे त्यानंतरचे रब्बी पीक. भाईचे गाऱ्हाणे वाढवून सांगितलेले नव्हते. उतारावरच्या शेतात पाणी एका कुणग्यातून दुसऱ्यात जाते, आणि वरच्याने बांध राखला तरच खालच्याला हवे तेव्हा पाणी अडवता आणि सोडता येते. एका घराने शेत टाकले की त्याच्या खालची दोन-तीन घरे पुढच्या काही वर्षांत कंटाळून शेत टाकतात. नोकरीला गेलेल्या माणसाला हे दिसत नाही, कारण तो सकाळी अंधारात किंवा घाईत निघतो आणि परत येतो तेव्हा शेत काळोखात असते.

एवढ्यात बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, परिचारिका असलेल्या ताई स्कूटरवरून उतरून आमच्याकडे आल्या. त्या दिवशी सकाळची पाळी करून त्या बांबोळीहून पणजीला नातेवाइकांकडे गेल्या होत्या. सर्व ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळे संध्याकाळ गेली म्हणून रडता. माझ्याकडे संध्याकाळ होती कधी? घरी पोचले की चूल, उद्याचा डबा, सासूबाईंची औषधे. आणि तुमच्या त्या जनगणनेतही पुरुषच मोजले, हे आताच ऐकले." मग त्यांनी गेल्या वर्षीचा प्रसंग सांगितला.

दुपारची पाळी रात्री आठला संपते. पुढच्या पाळीच्या परिचारिकेला रुग्णांची माहिती देऊन निघेपर्यंत साडेआठ होतात. त्या रात्री पणजीहून एक खाजगी बस मिळाली, पण जुन्या गोव्याला पोचल्यावर वाहकाने उरलेल्या चौघांना उतरायला सांगितले. चार माणसांसाठी माशेलपर्यंत जाणे परवडत नाही, असे त्याचे म्हणणे. जुलैचा पाऊस, भाड्याने मोटारसायकलवर बसवून नेणारे पायलट केव्हाच घरी गेलेले. ताई, महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी आणि दोन मजूर असे चौघे बंद दुकानाच्या छपराखाली पाऊण तास उभे राहिले. त्या मुलीने ताईंची छत्री शेवटपर्यंत सोडली नाही. ताईंचे पती स्कूटर घेऊन आले, तेव्हा त्यांनी आधी त्या मुलीला तिच्या घरी पोचवले आणि मग ताईंना न्यायला दुसरी खेप केली. तेव्हापासून ताईंनी दुपारची पाळी लागू नये म्हणून विनंत्या केल्या, आणि शेवटी स्वतः स्कूटर शिकल्या. "मी आता बसची वाट बघत नाही," त्या म्हणाल्या, "पण पावसात बाणस्तारीच्या पुलावर रात्री स्कूटर घालताना मला रोज भीती वाटते." २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याच पुलावर झालेल्या अपघातात तीन जणांचे प्राण गेले, ते आम्हांपैकी कोणीच विसरलेले नाही.

माझे मत मी तेव्हा मांडले, आणि येथे पुन्हा मांडतो. आम्ही इतका वेळ राहावे की जावे यावर भांडत होतो, आणि खरा प्रश्न साडेसातनंतरच्या बसचा होता. कदंब हे राज्याचे बस महामंडळ १९८० साली सुरू झाले तेव्हा आतल्या गावांना बसने जोडणे ही मोठी गोष्ट होती; आमच्या वडिलांच्या पिढीने पणजीत नोकरी करून माशेलात घर राखले ते बसच्या आधारावर. आता दिवसा खाजगी बस भरपूर धावतात, पण संध्याकाळी साडेसातनंतर प्रवासी कमी झाले की फेरी गाळली जाते. फेरी गाळली जाते म्हणून माणूस दुचाकी घेतो, मग मोटार घेतो, त्यामुळे प्रवासी आणखी घटतात आणि उरलेली फेरीही बंद पडते. तीच वाहने सकाळी जुन्या गोव्याच्या चौकात रांग लावतात, आणि त्या रांगेत माझ्या मित्राचे सहाशे तास जातात. तालमीला माणूस नसणे, शेताची मेर फुटणे, ताईंची पाऊण तासाची रात्र, या गोष्टींची मुळे वेगवेगळी असतील, पण रात्री नऊला पणजीहून खात्रीने निघणारी एक बस यांतल्या बऱ्याच गोष्टी सैल करील, असे मला मनापासून वाटते.

भाई म्हणाला, रस्ता रुंद केला की झाले. त्यावर अण्णांनी भोमचे नाव घेतले. बाणस्तारीच्या पलीकडेच असलेल्या त्या गावाने महामार्गाचे रुंदीकरण वस्तीतून आणि देवळांजवळून नको, बाहेरून बगलमार्ग काढा, अशी मागणी लावून धरली आहे. आमचा वेळ वाचावा म्हणून शेजारच्या गावाची घरे आणि देवळे हलावीत, असे म्हणायला कट्ट्यावरच्या एकाचीही जीभ रेटली नाही.

अखेर अण्णांनी आपल्या पिशवीतून नाटकाच्या तालमीची वही काढली. मागच्या कोऱ्या पानावर आम्ही अर्ज लिहिला: पणजीहून माशेलला रात्री पावणेनऊ आणि साडेनऊ अशा दोन फेऱ्या, बांबोळीच्या पाळ्यांच्या वेळा जमेस धरून, आणि प्रवासी कितीही कमी असले तरी फेरी अर्ध्यावर न तोडण्याच्या अटीसह. पहिल्या मसुद्यात ती शेवटची अट नव्हती. ती ताईंनी घालायला लावली. मी वाक्ये नीट केली, भाईने दुकानात येणाऱ्यांच्या सह्या गोळा करण्याचे पत्करले.

बँकेतल्या मित्राने वही मागून घेतली. त्याने अर्ज दोनदा वाचला, "पावणेनऊ" खोडून "आठ पन्नास" केले, कारण बांबोळीहून पणजीच्या स्थानकावर पोचायला लागणारा वेळ आम्ही कमी धरला होता, आणि खाली सही केली. सहीपुढे पत्ता लिहिताना त्याचे पेन थोडे थांबले. मग त्याने माशेल असेच लिहिले आणि म्हणाला, "फ्लॅट रद्द करणार नाही, अण्णा. मुलीसाठी घेतला आहे. पण रविवारी भाईबरोबर मेर बघायला येतो."

भाईने त्याला सकाळी सातची वेळ दिली आणि फावडे घरचे आणायला सांगितले.