ब्लोअर बंद, बिल कमी

परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला की एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटचं, लाइट बिल फार येतंय, त्याच्या टाकीत हवा सोडणारा ब्लोअर रात्री बंद ठेवत जाऊ. पटापट हात वर झाले. मी नाही केला तर शेजारचे काका म्हणाले, "अहो रात्री कोण बघायला येतंय?" तेव्हापासून डोक्यात घोळतंय म्हणून लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

पार्किंगच्या खाली आपला प्लांट आहे, एकदा नाक दाबून का होईना बघून या. ऑपरेटर पोरगा टाकीतलं पाणी एक लिटरच्या नळकांड्यात भरून अर्धा तास ठेवतो. चॉकलेटी गाळ हळूहळू खाली बसतो, वर नितळ पाणी राहतं. तो गाळ म्हणजे जिवंत बॅक्टेरिया, आपली घाण खाणारे तेच, मशीन फक्त त्यांना हवा पुरवते. रात्रभर हवा बंद ठेवली की ते गुदमरतात, गाळ काळा पडतो आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. मागच्या दिवाळीत साफसफाईच्या नादात घराघरातून इतकं ॲसिड-फिनाइल खाली आलं की पोरगा म्हणाला, "सर, कल्चर मेलं," म्हणजे टाकीतले बॅक्टेरिया. मग गोठ्यातून शेण आणून टाकीत कालवलं, तरी सगळं रुळायला पंधरा दिवस गेले. तेवढ्या दिवसांचं पाणी कुठं गेलं? नाल्यात. आणि नाला मुठेत.

शहराच्या मोठ्या प्लांटचं पण हेच, फक्त टाक्या मैदानाएवढ्या. भैरोबा, नायडू, मुंढवा, खराडी, कुठेही जा, आधी जाळीत चिंध्या, सॅनिटरी पॅड, गुटख्याच्या पुड्या अडकतात (हे सगळं कमोडमध्ये कोण टाकतं देव जाणे), मग वाळू बसते, मग हवेच्या टाक्या, मग गाळ वेगळा आणि शेवटी क्लोरीन. पुण्याची जुनी क्षमता ४७७ एमएलडी, म्हणजे रोज ४७ कोटी ७० लाख लिटर, आणि शहर त्याच्या कधीच पुढे निघून गेलं. म्हणून जायका या जपानच्या सरकारी संस्थेचं कर्ज घेऊन ३९६ एमएलडीचे ११ नवीन प्लांट ठरले. करार जानेवारी २०१६ चा, भूमिपूजन मार्च २०२२ चं! मधल्या काळात आपण किती टॉवर उभे केले ते मोजा.

त्याच नदीचा ४४ किलोमीटरचा काठ सुधारायची पण योजना आहे. घाट बांधा, बाकं टाका, माझं काही म्हणणं नाही, पण आधी ड्रेनेज लाइन प्लांटपर्यंत न्या ना. नाल्यातून परस्पर नदीत पडणारं पाणी प्लांटच्या हाती लागतच नाही, मग तो कितीही भारी असू दे. पाण्यातली घाण कुजवायला बॅक्टेरियांना किती ऑक्सिजन लागतो ते बीओडीवरून कळतं; आंघोळीच्या पाण्याचा बीओडी लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या आत लागतो, कच्च्या सांडपाण्याचा शेकड्यात असतो, मग त्या घाटावर बसून करायचं काय, रुमाल नाकाला लावायचा?

माझे मामा भिगवणकडचे. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीत जाते, ११७ टीएमसीचं धरण, त्यावर सोलापूर पाणी पितं. मामा सांगतात पूर्वी जाळ्यात मरळ, वाम यायचे, आता बघावं तर चिलापीच. "तिला कसलंबी पाणी चालतंय," म्हणतात. उन्हाळ्यात पाणी हिरवंगार होतं, उतरलं की अंग खाजतं. मी सुट्टीला गेलो की हसत हसत विचारतात, "काय पुणेकर, यंदा काय पाठवलंय?" मला हसायला येत नाही हो.

बिलाचं म्हणाल तर सलग आठ तास बंद करण्यापेक्षा टायमर लावून मधे मधे थोडा वेळ बंद ठेवता येईल का ते सर्व्हिसवाल्याला विचारू, आणि शुद्ध झालेलं पाणी बागेला आणि फ्लशला वापरलं तर टँकर किती कमी होतील त्याचा पण हिशोब मांडू. सेक्रेटरी म्हणालेत विषय परत घेऊ. रविवारी ११ वाजता, क्लब हाउस. ऑपरेटर पोराला सांगितलंय, येताना ते नळकांडं भरून घेऊन ये.