खेड्यातली हवा मोजण्याची गरज नाही, या दाव्याला उत्तर

विदर्भातील गावागावांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरत आहे. त्याचा गोषवारा असा: हवेचे प्रदूषण हे दिल्ली-मुंबईचे दुखणे आहे, खेड्यातली हवा शुद्धच असते, जो काही धूर होतो तो शेतकरी पराटी (कापसाची वाळलेली झाडे) जाळतात त्याचा, तो उपग्रहावरून दिसतोच, तेव्हा गावोगावी यंत्रे बसवणे आणि चुली मोजणे ही पैशाची नासाडी आहे, आणि ही सगळी माहिती गोळा होते ती उद्या शेतकऱ्याला दंड ठोकण्यासाठी. यातील शेवटचा मुद्दा भीतीतून आलेला आहे आणि ती भीती निराधार नाही, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. पण आधी बाकीचे मुद्दे पाहू.

खेड्यातली हवा शुद्ध आहे हे कोणत्या मोजणीवरून ठरले, असे विचारले तर उत्तर मिळत नाही, कारण बहुतेक गावांत मोजणी झालेलीच नाही. २०१९ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुमारे १३० शहरांपुरता आहे आणि विदर्भातून त्यात नागपूर, चंद्रपूर, अमरावती आणि अकोला एवढीच नावे आहेत. मारेगाव किंवा सिरोंचाच्या माणसाला मोबाईलवर आपल्या गावाचा म्हणून हवेच्या गुणवत्तेचा जो निर्देशांक दिसतो, तो बहुधा दूरच्या एखाद्या शहरातील केंद्राचा किंवा संगणकीय अंदाजाचा असतो. कायद्याने मात्र गाव वगळलेले नाही. २००९ च्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता मानकांत औद्योगिक, निवासी आणि ग्रामीण क्षेत्रांसाठी एकच रकाना आहे आणि सूक्ष्म धूलिकणांची (पीएम २.५) वार्षिक मर्यादा तिथे सर्वांना सारखीच, घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम, आहे. आयआयटी मुंबईचा सहभाग असलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासानुसार, या कणांमुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ७५ टक्के ग्रामीण भारतातील होते आणि एकेका स्रोताचा विचार करता सर्वांत मोठा वाटा घरात जळणाऱ्या लाकूड-गोवऱ्यांचा होता. शुद्ध हवेच्या दाव्याला यापुढे फारसे उत्तर देण्याची गरज नाही.

दुसरा मुद्दा पराटीचा. उत्सर्जनाचा राष्ट्रीय हिशेब तत्त्वतः सोपा असतो: कोणती वस्तू किती जळाली आणि ती किलोमागे किती धूर सोडते, या दोहोंचा गुणाकार. अडचण ‘किती जळाली’ इथेच आहे. कापसाचा शेवटचा वेचा झाला की पराटी शेतात उभी ठेवू नये, फरदड (त्याच झाडांवर पुढे घेतलेला जादा कापूस) घेऊ नये, असे गुलाबी बोंडअळीच्या भीतीने कृषी विभागच सांगतो. शेतकरी ती उपटतो. त्यातील जाड, वाळलेली पराटी मोळ्या बांधून बैलगाडीने घरी येते, अंगणात रचली जाते आणि पुढे अनेक महिने चुलीत जाते. काही कुंपणाला लागते, काही श्रेडर यंत्राने बारीक होऊन जमिनीत जाते, आणि जी उरते ती धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) ढीग करून पेटवली जाते. म्हणजे एकाच शेतातील पराटीचा काही भाग ‘शेतातील जाळपोळ’ या सदरात मोडतो आणि काही ‘घरगुती इंधन’ या सदरात. ही वाटणी गावात जाऊन विचारल्याशिवाय कळत नाही. ती न विचारता लागवडीच्या क्षेत्रावरून सरसकट टक्केवारी लावली, तर तीच पराटी दोनदा मोजली जाते किंवा चुलीचा धूर शेताच्या नावावर चढतो.

चुलीचीही तीच गत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ग्रामीण भारतातील ४३.२ टक्के कुटुंबे स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरतात असे आढळले, पण तिथे प्रश्न मुख्य इंधनाचा असतो. चहा-भाजी गॅसवर, भाकरी चुलीवर आणि हिवाळाभर आंघोळीचे पाणीही चुलीवर, अशा घराने ‘गॅस’ असे उत्तर दिले की त्याच्या चुलीचा धूर हिशेबातून गळून पडतो. हा धूर सर्वांत जवळून घेणाऱ्या बाईच्या दृष्टीने ही चूक लहान नाही.

आणि सगळा धूर शेतकऱ्याचा, हे तर विदर्भात राहणाऱ्या माणसाने म्हणूच नये. कोळशावर चालणारे चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉटचे आहे, तिरोड्याचे ३,३०० मेगावॉटचे. त्यांच्या चिमण्यांतून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडचे हवेत सल्फेटचे सूक्ष्म कण बनतात आणि ते शेकडो किलोमीटर जातात. या वायूची मर्यादा डिसेंबर २०१५ मध्ये ठरली, पालनासाठी दोन वर्षे दिली गेली, मग मुदत पुन्हा पुन्हा वाढली आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना त्यासाठीची यंत्रणा बसवण्यातून सूटच देण्यात आली. वणी-घुग्घुसच्या कोळसा वाहतुकीच्या रस्त्यालगतच्या शेतात बोंड फुटल्यावर कापसावर काळी पूड बसते आणि त्या कापसाला भाव पडून मिळतो. ही पूड शेतकऱ्याने उडवलेली नाही.

उपग्रह सगळे टिपतो, हाही गैरसमजच आहे. आग टिपणारा नेहमीच्या वापरातील व्हीआयआयआरएस हा उपग्रहावरील संवेदक साधारण दुपारी आणि मध्यरात्री दीडच्या सुमारास वरून जातो आणि सुमारे ३७५ मीटरचा तुकडा एक ठिपका म्हणून पाहतो. संध्याकाळी पेटवलेला पराटीचा लहान ढीग त्याच्या हाती लागेलच असे नाही. मोहफूल वेचायला झाडाखाली जाळलेला पाला आणि पसरलेला वणवा यांतला फरक तो आपणहून सांगत नाही. चूल आणि रस्त्यावरची धूळ तर आगीच्या ठिपक्यांत येतच नाहीत.

म्हणूनच दंडाच्या भीतीचा विचार उलट बाजूने करायला हवा. दिल्ली राजधानी क्षेत्रात आणि लगतच्या भागात नोव्हेंबर २०२४ मध्ये पिकांचे अवशेष जाळण्याचा दंड दुप्पट झाला: दोन एकरांखालील शेतकऱ्याला ५,००० रुपये, पाच एकरांवरील शेतकऱ्याला ३०,०००. तो आदेश विदर्भाला लागू नाही, पण उद्या असे होणारच नाही अशी हमी कोणी देऊ शकत नाही. मात्र जमिनीवरची मोजणी झाली नाही, तर आकाशातून दिसणारा एकमेव दोषी शेतकरीच राहतो. आपला वाटा नेमका किती आणि कोळशाचा, चिमणीचा, वाहतुकीचा किती, हे कागदावर आले तरच त्याला बाजू मांडता येईल. त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याचीही गरज नाही. राज्यात २०२१ पासून ई-पीक पाहणी या मोबाईलवरील नोंदणीत शेतकरी स्वतः गटवार पीक नोंदवतो. तिथेच पराटीचे, तुराटीचे (तुरीच्या काड्यांचे), तणसाचे (भाताच्या पेंढ्याचे) काय केले हा एक प्रश्न जोडावा. त्या उत्तरावरून कोणावरही कारवाई होणार नाही असे शासन निर्णयात स्पष्ट लिहून घ्यावे आणि तालुकावार आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत.