बारा वाजता ड्यूटी कोणाची संपते?

काल संत्या कट्ट्यावर आला तोच मोबाईल नाचवत. म्हणे मी रात्री तीनला घरी गेलो आणि हे येडं हजेरीचं ॲप म्हणतंय की मी रात्री तीनला कामावर आलो.

झालं असं, की संत्या नाशिकच्या अंबड एमआयडीसीत काँट्रॅक्टवर मेंटेनन्सला आहे, सेकंड शिफ्ट, दुपारी ३ ते रात्री ११. गुरुवारी कन्व्हेयर बंद पडला, साहेब म्हणाले चालू करूनच जा, आणि तीन वाजले. मधे बाराच्या ठोक्याला ॲपनी ह्याला परस्पर पंच आऊट करून टाकलं. ह्यानी निघताना गेटवर बटण दाबलं आऊटचं समजून, पण ॲपच्या हिशोबानी हा आधीच घरी गेलेला, मग ते झालं इन! बटण एकच असतं, नुसता रंग बदलतो, आणि रात्री तीनला रंग कोण बघत बसतो. शुक्रवारी दुपारी तीनला परत दाबलं ते झालं आऊट. म्हणजे घरी घोरत होता तेव्हाचे बारा तास ड्यूटी, आणि शुक्रवारची खरी शिफ्ट गायब.

मंग्या हसला, पण लगेच ॲपची बाजू घेऊन बसला. तो दुसऱ्या काँट्रॅक्टरकडे हजेरीचंच काम बघतो. म्हणे पोरं आऊट करायला विसरतात रे, सकाळी बघावं तर बावीस बावीस तास ड्यूटी, तसं बिल पाठवलं की कंपनी परत पाठवते, ऑटो आऊट नाही ठेवला तर महिनाअखेर मी वेडा होईन. आणि दिवसाला नऊ तासच धरतात ना?

"हो, आणि तीन ते बारा बरोब्बर नऊच भरतात," संत्या भडकला, "वरचे तीन तास ओव्हरटाइमचे, डबल रेटनी सहा तासांचा पगार, तो कोणाच्या खिशात?"

इथे अण्णा बोलले. अण्णा सातपूरला टाइम ऑफिसमधून रिटायर झालेत. म्हणाले, अरे १९४८ च्या जुन्या फॅक्टरी ॲक्टमधेच लिहिलेलं होतं की शिफ्ट मध्यरात्रीच्या पुढे गेली तर बारानंतरचे तास आदल्या दिवसातच धरायचे. आम्ही कार्ड मशीनवर पण तेच करायचो. कोणी आऊट मारायचा विसरला तर ती जागा कोरी ठेवायची, सुपरवायझरची सही आली की लाल पेननी भरायची. मनानी टाइम टाकायची आमची टाप नव्हती.

मला विचाराल तर सगळी मेख इथेच आहे. ऑटो आऊट ठेवा, नको कोण म्हणतंय, पण तो ॲपचा अंदाज असतो आणि शीटमधे तो माणसानी दाबलेल्या टाइमसारखाच दिसतो. रेकॉर्ड बंद करा, टाइम मात्र कोरा सोडा.

मंग्या म्हणे अंदाज कसला, आधी रिमाइंडर जातो, उत्तर नाही आलं तरच बंद होतं. संत्या म्हणाला मला आजवर एकही आला नाही. मग दिप्यानी त्याचा फोन घेतला (दिप्याचं कामच ॲप बनवायचं, हे नाही, दुसरी, त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या त्याला सवयीच्या आहेत). बघतो तर नोटिफिकेशनच बंद. का, तर तेच ॲप वाढदिवस, सुविचार, महिन्याचा बेस्ट कामगार असलं दिवसभर वाजवत बसतं, ह्यानी वैतागून सगळंच म्यूट केलेलं. दिप्या म्हणाला अँड्रॉइड ८ पासून नोटिफिकेशनचे वेगवेगळे प्रकार करता येतात, सुविचार बंद आणि रिमाइंडर चालू असं जमतं, पण बनवणाऱ्यानी सगळं एकाच प्रकारात कोंबलं की माणूस करणार काय. वर बॅटरी सेव्हर. फोन नुसता पडून असला की अँड्रॉइड मागचे ॲप झोपवतं, मग अकराचा रिमाइंडर कधी उशिरा येतो, कधी येतच नाही. बॅटरीच्या सेटिंगमधे जाऊन त्या ॲपला सूट द्यावी लागते. हे जॉइनिंगच्या दिवशी कोणी सांगतं का?

"अरे पण शॉप फ्लोअरवर फोन न्यायलाच बंदी आहे," संत्या म्हणाला, "तो लॉकरमधे वाजतो."

मंग्या गप्प. लॉकरमधल्या फोननी उत्तर दिलं नाही म्हणून माणूस घरी गेला, असा हा हिशोब!

मग मंग्यानी लोकेशन काढलं, गेटबाहेर गेला की आऊट. दिप्यानी ते पण उडवलं. पत्र्याच्या शेडमधे जीपीएस नीट लागत नाही, आणि नकाशावर आखलेलं असलं कुंपण किमान १००-१५० मीटर त्रिज्येचं ठेवा असं गूगलच सांगतं, म्हणजे शेजारचा प्लॉट आणि समोरची टपरी दोन्ही आत. फार तर बाहेर पडल्यावर "निघालात का?" एवढं विचारा, स्वतःहून आऊट मारू नका. शिवाय त्यासाठी लोकेशनला कायमची परवानगी लागते, आणि अँड्रॉइड १० पासून ती नाकारता येते. संत्या म्हणाला मी नाकारलीच आहे, रविवारी मी सासरवाडीला आहे का कुठे, ते काँट्रॅक्टरला कशाला?

शेवटी मंग्यानी स्वतःच्या ॲपचं सेटिंग उघडलं. बारा वाजताचं काढून 'इन झाल्यापासून १४ तास' केलं, रिमाइंडर सुपरवायझरलाही जाईल असं ठेवलं. कोरा टाइम ठेवायची सोयच नाही म्हणे त्यात, ॲप बनवणाऱ्या कंपनीला मेल टाकतो. आणि सुपरवायझरनी टाइम बदलला तर कामगाराला मेसेज जावा ह्यावर मात्र तो अडला, म्हणे रोज भांडणं होतील. होऊ दे की! पगाराच्या स्लिपवर होण्यापेक्षा बरी.

संत्याला अण्णांनी सांगितलं, गेटच्या रजिस्टरला तुझा आऊट टाइम असणारच, त्याचा फोटो लावून लेखी अर्ज दे, तोंडी काही बोलू नको, आणि पोच घे. दिप्यानी तिथल्या तिथे ॲपचे स्क्रीनशॉट काढून ठेवले. हजेरीची शीट २५ तारखेला लॉक होते म्हणे, आणि काल २३ होती.