यंदा नक्की भेटू!

सुट्टीत घरी राहायला जायचं ठरलं की आधी तिकीट काढू नका. आधी शाळेच्या ग्रुपवर टाका: 'येतोय! या वेळी सगळ्यांनी भेटायचंच!' व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमध्ये २०२२ पासून १,०२४ माणसं मावतात. तुमच्या वर्गात एवढी नव्हती, तेव्हा कोणी सुटायची भीती नाही. पाठोपाठ अंगठे येतील, 'वाट बघतोय' येईल. एवढं झालं की भेट पार पडली असं समजायला हरकत नाही.

तारीख मात्र चुकूनही सांगू नका. तारीख सांगितली की लोक खरंच येतात. 'पोचलो की कळवतो' एवढंच म्हणा.

खरं कसब घरी पोचल्यावर. मित्राचा फोन आला की म्हणायचं, 'अरे, घरचे सोडतच नाहीत.' आई म्हणाली, 'जरा बस की आमच्याजवळ,' की म्हणायचं, 'मित्र थांबलेत गं.' (हे काही अगदीच खोटं नाही. थांबलेले असतातच ते, कित्येक वर्षं.) या दोन वाक्यांवर अख्खी सुट्टी निघते. मधल्या वेळात दार लोटून मोबाइल बघत पडा. पथ्य एकच: आई आणि मित्र यांची परस्पर गाठ पडता कामा नये.

कधी तरी रात्री वाटेल, त्या एकाला तरी मेसेज करावा. मन आवरा. तुम्ही एकटे नाही. लारा अ‍ॅकनिन आणि जिलियन सँडस्ट्रॉम या मानसशास्त्रज्ञांचा २०२४ चा अभ्यास आहे. नंबर हाताशी, मनात इच्छा, मित्राला बरं वाटेल अशी खात्री, वर मेसेज लिहायला दिलेला वेळ. एवढं असूनही जुन्या मित्राला मेसेज धाडणारे एक तृतीयांशाहून कमीच निघाले. जुन्या मित्राशी बोलायची लोकांची तयारी साधारण अनोळखी माणसाशी बोलण्याइतकी किंवा कचरा उचलण्याइतकीच होती म्हणे. त्याआधी २०२२ मध्ये पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की अशी चौकशी आल्यावर समोरच्याला आपल्या अंदाजापेक्षा जास्त आनंद होतो, अचानक आली तर आणखीच. धोका इथेच आहे. आनंद झाला की तो उत्तर देणार, आणि उत्तर दिलं की भेटावं लागणार.

भेट टळलीच नाही, तर घोळक्यानेच भेटा. दहा जणांत 'कसा आहेस?' याचं खरं उत्तर कोणालाच द्यावं लागत नाही. गेलेले केस, आलेलं पोट, मास्तरांच्या त्याच नकला. दोन तास सहज जातात. कोपऱ्यात एक जण गप्प बसलेला दिसेल. त्याच्या शेजारची खुर्ची टाळा, तो काही तरी सांगायला लागेल. आणि फोटो विसरू नका, त्याचसाठी तर जमला होतात.

घरी किती वाजता परताल ते कळवू नका. नुसतं 'तुम्ही झोपा' म्हणा. झोपत नाहीत ते, पण म्हणायची पद्धत आहे.

निघताना आई म्हणेल, 'या खेपेला तू मित्रांतच होतास.' मित्र म्हणतील, 'तू घरच्यांतच अडकलास.' दोघांनाही सांगा, 'हो ना, काय करणार!'