फेस आला म्हणजे मळ गेला?

‘पांढरे कॅनव्हास बूट पंधरा मिनिटांत नव्यासारखे’ असं सांगणारा मेसेज तुमच्याकडेही येऊन गेला असेल. कधी व्हिडिओ असतो, कधी नुसता मजकूर आणि खाली जोडलेले दोन हात. कृती थोडक्यात अशी: लेस काढा. खायचा सोडा आणि व्हिनेगर कालवून तो फसफसणारा लेप बुटावर थापा. फेस मळ ओढून काढतो. पंधरा मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसा. डाग उरलेच तर त्यावर थोडं ब्लीच. रबराला टूथपेस्ट. फारच मळले असतील तर मशीनमध्ये गरम पाणी. शेवटी कडक ऊन.

मी एका जोडीतल्या डाव्या बुटावर ही कृती केली (ब्लीच आणि मशीन सोडून). उजवा बूट भांड्यांच्या लिक्विड साबणाने आणि जुन्या टूथब्रशने घासला आणि नळाखाली खंगाळला. ओले होते तोवर दोघांत डावं-उजवं करता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी डाव्या बुटावर, रबर जिथे कापडाला भिडतं त्या रेषेच्या बोटभर वर, चहा सांडून वाळावा तशी पिवळट कड उमटली होती. उजवा ठीक होता. एका जोडीवरून सिद्धांत मांडू नये हे मान्य, पण ही कड का आली याचं कारण शोधायला गेलं की मेसेजमधला एकेक दावा आपोआप सुटा होत जातो.

‘फेस मळ ओढून काढतो.’ फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे. सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल; दोघे भेटले की एकमेकांना मारतात आणि मागे उरतं पाणी आणि सोडियम असेटेट नावाचं क्षार. व्हिनेगरमध्ये आम्ल असतं साधारण ५ टक्के. म्हणजे १०० मिली व्हिनेगरचा आंबटपणा संपवायला ७ ग्रॅम सोडा पुरतो, जेमतेम दीड छोटा चमचा. दोन कामाच्या वस्तू घेतल्या आणि त्यांचं खारट पाणी केलं. लेप थोडाफार काम करताना दिसतो तो न विरघळलेल्या सोड्याच्या खरखरीमुळे आणि तुमच्या मनगटामुळे. बुटावरचा मळ म्हणजे मातीचे बारीक कण आणि त्यांना धरून ठेवणारा तेलकटपणा. त्याला सोडवायला साबण लागतो: साबणाच्या रेणूचं एक टोक तेलाला चिकटतं, दुसरं पाण्याला, आणि पाणी वाहिलं की तेलही त्याच्यामागे जातं. यात बघण्यासारखं काही घडत नाही, म्हणून त्याचा व्हिडिओ कोणी करत नाही.

दोन्ही वस्तू वेगवेगळ्या वेळी मात्र कामाच्या आहेत. कोरडा सोडा रात्रभर बुटात भुरभुरून ठेवला की घामाचा आंबूस वास कमी होतो. व्हिनेगरची वेळ पुढे येईल.

‘ओल्या फडक्याने पुसा.’ माझ्या मते मेसेजमधली खरी चूक ही आहे, आणि हिच्याकडेच कोणाचं लक्ष जात नाही. पुन्हा वाचून बघा: लावा, थापा, ओता, चोळा. काढून टाकायची पायरी एकच, आणि तीही फडक्याची. कॅनव्हास जाड आणि घट्ट विणीचं असतं. त्यात शिरलेला सोडा, क्षार, सुटलेला मळ फडक्याला वरवर लागतो, बाकीचा सुतात मुरतो. मग बूट वाळायला लागतो. पाणी वाळतं पृष्ठभागावर, त्यामुळे आतलं पाणी सुतासुतातून बाहेर ओढलं जातं आणि येताना विरघळलेलं सगळं घेऊन येतं. पाणी उडून जातं, ते सामान तिथेच राहतं. रबराजवळच्या जाड, दुहेरी शिवणीत पाणी सर्वांत जास्त वेळ साठलेलं असतं, म्हणून कड तिथे उठते. म्हणजे तो पिवळेपणा जुना मळ नसून बऱ्याचदा आपणच घातलेलं आणि न काढलेलं काहीतरी असतं. आणि लोक काय करतात? पुन्हा लेप लावतात.

माझा डावा बूट सुधारला तो असा: वाहत्या पाण्याखाली बोटांनी दाबत तीन वेळा खंगाळला, पाणी निवळ येईपर्यंत. शेवटच्या पाण्यात दोन चमचे व्हिनेगर, कारण उरलेला सोडा किंवा साबण अल्कली असतो आणि त्याला मारायला आंबटपणा लागतो. ही व्हिनेगरची वेळ. मग टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपलं आणि बाहेरून पांढऱ्या टिश्यू पेपरचे दोन थर चिकटवले. आता पाणी वाळणार ते कागदावर. सकाळी पिवळी कड कागदावर होती. छापील वर्तमानपत्र यासाठी वापरू नका, शाई कापडावर उतरते.

‘डाग उरलेच तर त्यावर ब्लीच.’ बाकी मुद्द्यांत फार तर बूट बिघडेल, इथे माणसाला इजा होऊ शकते. घरगुती ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी. त्याला आम्ल भेटलं, व्हिनेगर असो की लिंबू, की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ला, बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला तो हाच वायू. लेपात सोडा भरपूर असेल तर आम्ल आधीच संपलेलं असतं आणि काही होत नाही, हेही खरं. ‘मी कितीदा केलं, काही झालं नाही’ म्हणणारे यामुळेच भेटतात. पण मेसेजमध्ये माप नाही, आणि व्हिनेगर जास्त पडलं की हिशोब उलटतो. त्यात क्लोरीन हवेच्या जवळपास अडीचपट जड. तो खाली साचतो, आणि बूट घासणारा माणूस बंद बाथरूममध्ये उकिडवा बसलेला असतो. तिखट, झोंबणारा वास आला तर बादली आवरत बसू नका, आधी मोकळ्या हवेत या.

शिवाय ब्लीच एकटं वापरलं तरी बुटाला मानवत नाही. सूत अशक्त होतं, इलॅस्टिकमधलं स्पॅन्डेक्स पिवळं पडतं, आणि कापडाला चकाकी देणारी जी द्रव्यं मुळात घातलेली असतात ती ब्लीचने मोडतात. पांढऱ्या कापडाला काही हवंच असेल तर सोडियम परकार्बोनेटची ऑक्सिजनवाली पावडर कोमट पाण्यात घ्या. त्यातही व्हिनेगर मिसळू नका.

टूथपेस्टचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. तिच्यात बारीक खरखरीत भुकटी असते, रबराच्या पट्टीवरचे काळे ओरखडे निघतात. तीच कापडाला चोळली की भुकटी विणीत अडकून बसते.

‘मशीनमध्ये गरम पाणी.’ गार पाणी आणि हलकं चक्र कित्येक कॅनव्हास बुटांना चालून जातं, निदान खंगाळणं तरी होतं. गरम पाण्याने मात्र डिंकाने चिकटवलेले सोल सैल पडतात आणि रक्तासारखे डाग शिजून पक्के होतात. चिखलाला तर सुरुवातीला पाणीच नको. वाळू द्या, कोरड्या ब्रशने झाडा, मग पाणी.

आणि ऊन. ऊन कापड पांढरं करतं हे खोटं नाही. सतराव्या शतकात नेदरलँड्समधल्या हार्लेमभोवती लिननची ठाणं महिनोन्‌महिने गवतावर पसरून पांढरी केली जात. पण बूट म्हणजे नुसतं कापड नव्हे. उन्हातली अतिनील किरणं आणि हवा मिळून रबर पिवळं आणि कडक करतात. ते तडकतं ते याच वाटेने. शिवाय ऊन लागलेली बाजू झपाट्याने वाळते, त्यामुळे आतली घाण तिकडेच जास्त ओढली जाते. आत कागद कोंबा, वाऱ्याला ठेवा, सावलीत. एक दिवस लागेल, पंधरा मिनिटांत हे होणारं नाही.

मेसेजमधलं एक वाक्य मात्र शंभर नंबरी: लेस काढा. त्या वेगळ्या साबणात भिजवा, आणि लेसखाली झाकलेली बुटाची जीभ उजेडात नीट बघून घ्या. तिथे ना ऊन पोचलेलं असतं ना धूळ, म्हणजे बुटाचा मूळ रंग तिथेच कळतो. मी पाहिलं तेव्हा तो फिकट क्रीम निघाला. वर्षभर मी ज्याला मळ समजून घासत होतो, तो कारखान्यातूनच आला होता.