नेत्याचे वाचन ही खरोखरच खासगी बाब आहे का?

निवडणुका जवळ आल्या की एक मजकूर हातोहात फिरू लागतो. नेत्याचे छंद आणि आवडती पुस्तके ही त्याची खासगी बाब आहे, मतदाराला रस्ता आणि पाणी यांच्याशी मतलब. खरे काम करणाऱ्याला वाचायला वेळच मिळत नाही. आणि जो पुस्तकांची नावे घेतो तो केवळ प्रतिमा उजळून घेत असतो, असा त्याचा आशय असतो. ही तिन्ही विधाने मला चुकीची वाटतात, आणि त्यासाठी कराडच्या यशवंतराव चव्हाणांचे उदाहरण पुरेसे आहे.

वेळेचा मुद्दा लगेच निकालात निघतो. 1962 च्या चीन युद्धानंतर संरक्षण आणि पुढे गृह, अर्थ व परराष्ट्र अशी खाती ज्यांनी सांभाळली, त्या माणसाकडे रिकामा वेळ पडून होता असे कोणी म्हणणार नाही. तरीही त्यांचे वाचन आयुष्यभर चालू राहिले आणि लेखनही. ‘कृष्णाकाठ’ हा त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला खंड 1984 मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनाच्या वर्षीच आला. त्यांचा ग्रंथसंग्रह कराडच्या सौ. वेणूताई चव्हाण स्मारकात आजही पाहता येतो. कामाच्या रगाड्यात वाचायचे राहून जाते हे अनेकांच्या बाबतीत खरे असेलही. पण न वाचणे हाच कामसूपणाचा पुरावा, असे त्यातून सिद्ध होत नाही.

खासगी बाब असल्याचा दावा मात्र सविस्तर तपासला पाहिजे, कारण तो वरकरणी समंजस वाटतो. 1932 मध्ये यशवंतरावांना 18 महिन्यांची शिक्षा झाली तेव्हा ते शाळकरी वयाचे होते. येरवड्याच्या तुरुंगात आचार्य भागवतांसारख्या जाणत्या सहकैद्यांच्या सहवासात त्यांच्या वाचनाला वळण लागले, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. पुढे काही काळ क्रांतिकारक विचारवंत मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांनी त्यांना ओढून घेतले. वाईचे संस्कृत पंडित तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हेही त्याच विचारविश्वातले. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि पहिल्याच वर्षी, मुख्यमंत्री या नात्याने, यशवंतरावांनी साहित्य आणि संस्कृती मंडळ उभे करून त्याची धुरा तर्कतीर्थांकडे सोपवली. मराठी विश्वकोशाचे काम याच मंडळातून सुरू झाले आणि त्याचा पहिला खंड 1976 मध्ये वाचकांच्या हाती आला. आज एखादा विद्यार्थी विश्वकोशातली नोंद उघडतो तेव्हा त्यामागे एका वाचणाऱ्या मुख्यमंत्र्याचा निर्णय असतो. ज्या आवडीतून सरकारी मंडळ उभे राहते, सार्वजनिक पैसा खर्च होतो आणि पिढ्यांना उपयोगी पडणारा ग्रंथ तयार होतो, तिला खासगी म्हणून बाजूला कसे सारायचे?

रस्ता आणि पाणी महत्त्वाचे नाहीत, असे माझे म्हणणे अजिबात नाही. पण गावातले ग्रंथालयही त्याच यादीत बसते. महाराष्ट्रात 1967 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, आणि मान्यताप्राप्त ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार शासकीय अनुदान मिळते. हे अनुदान किती असावे आणि ते वेळेवर यावे की नाही, हे लोकप्रतिनिधीच ठरवतात किंवा निदान त्यासाठी सभागृहात आवाज उठवू शकतात. ज्याने स्वतः कधी वाचनालयाची पायरी चढली नाही, त्याला तिथल्या फाटक्या पुस्तकांचे आणि तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या ग्रंथपालाचे दुःख कोणीतरी समजावून सांगावे लागते.

प्रतिमेच्या आक्षेपात थोडे तथ्य आहे, हे मान्य करायला हवे. उत्तम वाचक हा कसोटीच्या क्षणी ताठ उभा राहीलच, अशी हमी वाचन देत नाही. 1975 मध्ये कराडला साहित्य संमेलन भरले, तेव्हा आणीबाणी चालू होती. लेखिका दुर्गा भागवत अध्यक्ष होत्या आणि स्वागताध्यक्ष होते खुद्द यशवंतराव, त्यावेळचे परराष्ट्रमंत्री. दुर्गाबाईंनी त्या व्यासपीठावरून लेखनस्वातंत्र्याची बाजू निर्भयपणे मांडली. यशवंतराव मंत्रिमंडळातच राहिले. त्यांच्याविषयी आदर असूनही मला हे त्यांचे मोठे उणेपण वाटते. मात्र आपण त्यांना इतक्या कठोरपणे तपासू शकतो, याचे कारण त्यांनी काय वाचले, कोणत्या विचारांवर प्रेम केले आणि काय लिहिले हे आपल्यासमोर आहे. नेत्याचे वाचन उघड असले की त्याच्या वर्तनाला मोजायला एक माप मिळते. ‘खासगी बाब’ म्हणून ते झाकले, तर ते मापही आपल्या हातून जाते.

खोटा दिखावा ओळखणेही अवघड नाही. मुलाखतीत नेता एखाद्या पुस्तकाचे नाव घेतो आणि मुलाखतकार लगेच पुढच्या प्रश्नाकडे वळतो. दिखावा फावतो तो तिथे. त्या पुस्तकातले काय पटले, काय पटले नाही, आणि आपल्या मतदारसंघातल्या वाचनालयात आपण शेवटचे केव्हा गेला होतात, एवढे तीन प्रश्न प्रचारसभेनंतर उमेदवाराला उभ्याउभ्याही विचारता येतात, आणि ते विचारण्याचा मतदाराला पूर्ण अधिकार आहे.